लिहायचा हात

“उद्या कोणाकोणाला घरी ठेवायचं ते आत्ताच ठरवून टाका, मॅडम,” काळमेघ सर म्हणाले. “सकाळी धावपळ नको.”

हजेरीपट माझ्या पुढ्यात उघडा होता. तिसरीचे एकोणतीस. मी पेन हातात घेऊन बसले होते आणि पेन काही पुढे सरकत नव्हतं.

“अहो, विचार काय करता? सगळेच करतात. साहेब येतात तासाभरासाठी. त्या तासाभरात एखादं दगड पोरगं उठून काहीबाही बोललं, की तुमच्या तीन वर्षांवर पाणी. दोन-तीन नावं काढा, आजच निरोप द्या. उद्या दुपारनंतर काय गोंधळ घालायचा तो घालू द्या.”

काळमेघ सर आमचे मुख्याध्यापक. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. माणूस वाईट नव्हता. माझी काळजी वाटायची म्हणूनच सांगत होते. पिंपळझरीच्या त्या चार खोल्यांच्या शाळेत माझी काळजी वाटणारं दुसरं कोणी नव्हतं, हेही खरं.

तेव्हा आम्हाला शिक्षणसेवक म्हणत. तीन वर्षं सेवक म्हणून काढायची. काम समाधानकारक निघालं तर कायम, नाही तर नमस्कार. माझी तीन वर्षं जानेवारीत भरत होती, आणि ऑगस्टच्या तपासणीत माझं काम समाधानकारक निघालं नव्हतं. त्याला कारण एकच शब्द. क्लीन.

सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी स्वतः मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजीशी माझं जन्माचं वाकडं. पहिलीपासून इंग्रजी आलं आणि माझ्यासारख्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ऑगस्टात गुल्हाने साहेब वर्गात येऊन बसले, तेव्हा मी फळ्यावर मोठ्या ऐटीत वाक्य लिहिलं होतं, ‘द गर्ल इज क्लीन द रूम.’ गुल्हाने साहेब विस्तार अधिकारी. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण मान वर करून बघितलं तरी समोरच्याला घाम फुटायचा.

“मॅडम,” ते म्हणाले, “ही मुलगी स्वच्छ आहे, की ती खोली स्वच्छ करते?”

“दोन्ही, सर,” मी म्हणाले.

ते हसले नाहीत. पोरं मात्र हसली. कळलं काही नव्हतं त्यांना, पण बाई फसली एवढं पोरांना लगेच कळतं.

शेऱ्यात त्यांनी लिहिलं, की विशेषण आणि क्रियापद यांतला फरक शिक्षिकेलाच स्पष्ट नाही. आणि जाताना फटफटीला किक मारण्याआधी म्हणाले, “डिसेंबरात येतो. हाच पाठ घ्या. हाच शब्द. विशेषण म्हणून कसा वापरायचा, क्रियापद म्हणून कसा, आणि तुम्ही नाही, मुलांनी सांगायचं. तेव्हा जे दिसेल तेच मी वर पाठवेन.”

नोकरी गेली असती तर उपाशी मेले असते असं नाही. पण मी दिनकरभाऊकडे राहत होते. सासर सोडून एका बॅगेनिशी भावाच्या दारात उभी राहिले त्याला चार वर्षं झाली होती. भाऊनं ठेवून घेतलं, वहिनीनंही फार तोंड वाकडं केलं नाही. पण दिवाळीच्या पाडव्याला जेवता जेवता तो म्हणाला होता, “कुंदे, ऑर्डर निघाली तर हे घर तुयंच हाय. नाही निघाली, तर संक्रांतीले तुले तिकडं पोचवून देतो. त्याईचा दोनदा निरोप आला. लोकं काय म्हणतीन, मले पोरी उजवायच्या हायेत.”

तिकडं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. माझ्या कानामागची जखम शिवून घ्यायला तोच मला दवाखान्यात घेऊन गेला होता. तरी तो असं बोलला, आणि मी ताटातला भात चिवडत “बरं” म्हणाले. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

तर मी तयारीला लागले. एसटीत खिडकीशी बसून ओठातल्या ओठात तीच वाक्यं. द बोर्ड इज क्लीन. आय क्लीन द बोर्ड. कंडक्टर एकदा म्हणाला, “मॅडम, जप करता काय?” मी मान डोलावली. जपच होता तो. प्रत्येक पोराला एक जोडी ठरवून दिली. कोणाला ताट, कोणाला ओटा, कोणाला सायकल. पंधरा दिवस वर्गात दुसरा विषय नाही. पाढे राहिले, कविता राहिल्या. पोरं झोपेतही क्लीन म्हणत असतील.

आणि हाताची युक्ती काळमेघ सरांनी शिकवली. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबाला दिसतं की सगळा वर्ग हात वर करून बसलाय, आणि बाईला दिसतं की कोणाला उठवायचं. “माझं अख्खं आयुष्य यावर निघालं,” सर म्हणाले. “आजवर कोणी पकडलं नाही.”

तिसरीच्या पोरांना डावं-उजवं सांगून कळत नाही. अर्धी पोरं उजव्याला डावं करतात. म्हणून मी त्यांना खूण दिली. “लिहायचा हात वर केला म्हणजे उत्तर येतं. दुसरा हात वर केला म्हणजे येत नाही. समजलं?” समजलं, म्हणाली सगळी. पोरांना असले खेळ आवडतात.

पहिल्या दिवशी दहा-बारा डावे हात होते. मी त्या पोरांकडून घोटून घेतलं, मधल्या सुट्टीत बसवलं, दोघांना धपाटेही घातले. हळूहळू डाव्याचे उजवे होत गेले. शेवटच्या आठवड्यात तीनच डावे उरले. सागर ढगे, इरफान, आणि मागच्या कोपऱ्यातली मोनाली उईके.

त्यांतल्या सागर आणि इरफानचा हात कधी डावा, कधी उजवा. मोनालीचा मात्र कायम डावा. प्रश्न कुठलाही असो, ताटाचा, ओट्याचा, पुस्तकाचा, सगळ्यांच्या आधी तिचा डावा हात वर. कोपरातून सरळ, ताठ. मला तर तिचा रागच यायला लागला होता. येत नाही हे सांगायची एवढी कसली हौस, असं वाटायचं. मी तिला पंधरा दिवसांत एकदाही उठवलं नाही. उठवून करायचं काय होतं?

ती नवीनही होती. दिवाळीनंतर कापूस वेचायला जी कुटुंबं येत, त्यांच्याबरोबर आलेली. अशी पोरं दोन महिने शाळेत बसतात, वेचणी संपली की जातात. त्यांना तात्पुरतं नाव घालून मागे बसवायचं, खिचडी द्यायची, अशी आमच्याकडची रीत. मीही तेच केलं होतं.

काळमेघ सरांसमोर मी तीन नावांपुढे बारीक टिंब काढलं.

सागरला आणि इरफानला वर्गातच सांगितलं. दोघं खूश झाले. सागरला तर बापाबरोबर बैलबाजाराला जायचंच होतं. मोनाली मात्र शाळा सुटल्या सुटल्या पळाली होती. म्हणून मग मी तिच्या घरी गेले. घर म्हणजे गावाबाहेर नाल्याकाठी टाकलेलं पाल. साडेपाचची एसटी गाठायची होती. डिसेंबर होता, ऊन पिवळं पडायला लागलं होतं आणि नाल्याकडून गार वारं येत होतं.

तिची आई वावरातून नुकतीच आली होती. बोंडांनी बोटं ओरबाडलेली. मला बघून ती गडबडीनं उठली, पोतं झटकून अंथरलं. मोनाली चुलीपाशी बसून उजव्या हातात तवा धरून तो राखेनं घासत होती. मला बघून ती हसली आणि लगेच लाजून तव्यात तोंड घातलं.

“या मॅडम, बसा. पोरीनं काही केलं काय?”

“नाही, नाही. बसत नाही, गाडी आहे. एवढंच सांगायचं होतं, उद्या हिला शाळेत पाठवू नका.”

“काहून?”

वाटेत मी ठरवलं होतं, सरळ सांगायचं. तिला काही येत नाही, साहेब येणार आहेत, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. पण ती बाई माझ्याकडे अशी बघत होती, आणि वर म्हणाली, “तिले शाळा लय आवडते, मॅडम. रोज येऊन मले शिकवते. मले काय समजते त्यातलं? पण आयकतो.” मी ऐकलं. पण माझं अर्धं लक्ष घड्याळात होतं आणि उरलेलं अर्धं संक्रांतीत. तोंडावर पोरीला ढ म्हणायला जीभ रेटेना. समोर मोनालीचा फ्रॉक दिसत होता, शाळेनंच दिलेला निळा, पुढून सगळा राखेनं आणि तेलानं माखलेला. मी तेच धरलं.

“उद्या मोठे साहेब येणार आहेत तपासणीला,” मी म्हणाले. “सगळं स्वच्छ लागतं त्यांना. हिचा फ्रॉक बघा कसा झालाय. म्हणून म्हटलं, उद्याचा दिवस राहू दे.”

आईनं फ्रॉककडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, “एकच हाय तिले.”

“म्हणूनच. परवापासून येऊ द्या.”

मी निघाले. लांब आल्यावर मागे वळून पाहिलं तर मोनाली उठून उभी राहिली होती आणि स्वतःच्या फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी ताणून बघत होती. मला बरं वाटलं नाही. पण एसटी मिळाली, खिडकी मिळाली, आणि मी पुन्हा जपाला लागले.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला फटफटीचा आवाज आला. माझी तर पाचावर धारण बसली. गुल्हाने साहेब आत आले, पोरांनी उठून ठरलेलं ‘गुड मॉर्निंग सर’ लांब ओढत म्हटलं. साहेब मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. काळमेघ सर दाराशी उभे. मी मोजून घेतलं. सव्वीस. सगळी पोरं तेल लावून, भांग पाडून, पुढे बघत बसलेली.

मी खडू घेतला आणि फळ्यावर क्लीन लिहिलं. अक्षर बरं आलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. “मे आय कम इन, मॅडम?”

मोनाली. निळा फ्रॉक जागोजागी गडद दिसत होता. तो ओला होता. घेर गुडघ्यांना चिकटला होता आणि ओठ निळे पडले होते. डोक्याला चापून तेल, दोन वेण्या, आणि पायांत चपला नाहीत. बाहेर स्वेटर घालून बसावं अशी थंडी होती.

काळमेघ सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब आमच्या सगळ्यांकडे बघत होते. तिला परत पाठवायचं कसं? मी कसंबसं म्हणाले, “येस, कम इन.”

ती माझ्याजवळून गेली तेव्हा धुराचा आणि साबणाचा वास आला. चुलीवर धरून वाळवायचा प्रयत्न झाला होता. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की हिनं घात केला.

पाठ सुरू झाला. खरं सांगायचं तर चांगला झाला. पोरं पोपटासारखी बोलली. द प्लेट इज क्लीन. आय क्लीन द प्लेट. द सायकल इज क्लीन. आय क्लीन द सायकल. मी विशेषण म्हटलं की विशेषण, क्रियापद म्हटलं की क्रियापद. कोणी अडखळलं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी मी जरा श्वास घेतला. काळमेघ सरांनी दारातून डोळ्यांनीच शाबासकी दिली.

मग साहेब खुर्चीतून उठले आणि पुढे आले.

“छान,” ते म्हणाले. “आता पुस्तक मिटा, फळ्याकडे बघू नका. मॅडमनी शिकवलेलं वाक्य मला नको. ताट नको, सायकल नको. स्वतःच्या घरातलं, स्वतःचं वाक्य पाहिजे. क्लीन आधी क्रियापद म्हणून, मग विशेषण म्हणून. कोण सांगतं?”

एकोणतीसपैकी एकाही पोराला मी हे शिकवलं नव्हतं. पण हात वर करायची सवय अंगात मुरलेली. सव्वीस हात एकदम वर गेले, सगळे उजवे. खोटे सगळे. एकालाही येत नव्हतं. आणि मागच्या कोपऱ्यात एक डावा.

गुल्हाने साहेबांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. ती त्या एका डाव्या हातावर येऊन थांबली. त्यांच्या मिशीखाली बारीक हसू आलं. त्यांना माहीत होतं. ते स्वतः वीस वर्षं मास्तर होते, त्यांना माहीत नसणार तर कोणाला?

“ती मागची मुलगी,” ते म्हणाले. “डावा हात. तू सांग, बाळ.”

मला संक्रांत दिसली. एसटीत माझ्या शेजारी बसलेला दिनकरभाऊ दिसला, पायाशी तीच बॅग. मी टेबलाची कड घट्ट धरली.

मोनाली उठून उभी राहिली. थंडीनं की भीतीनं, ती कापत होती. पण आवाज स्वच्छ आला.

“आय क्लीन माय फ्रॉक,” ती म्हणाली. मग घेर दोन बोटांत धरून जरा पुढे केला. “माय फ्रॉक इज क्लीन.”

सगळी पोरं मागे वळून तिच्याकडे बघायला लागली.

“आणखी?” साहेब म्हणाले.

“माय मदर क्लीन्स द तवा.” ती थांबली, डोक्यात काहीतरी जुळवलं. “द तवा इज नॉट क्लीन.”

साहेब मोठ्यानं हसले. “क्लीन्स! मदर आली तर एस लागतो, हे कोणी सांगितलं तुला?”

“मॅडमनं. एकदाच सांगितलं होतं.”

सांगितलं होतं का मी? असेल. मला आठवत नव्हतं.

“ये, इकडे ये. लिहून दाखव पहिली दोन.”

ती पुढे आली. ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटले. साहेबांनी तिच्यापुढे खडू धरला आणि तिनं तो घेतला. डाव्या हातानं. टाचा उंचावून ती फळ्यावर लिहू लागली, डाव्या हातानं, सरळ ओळीत, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

मी बघत राहिले. लिहायचा हात वर केला म्हणजे उत्तर येतं. माझेच शब्द. पंधरा दिवस ती पोर प्रत्येक प्रश्नाला, सगळ्यांच्या आधी, कोपर ताठ करून मला सांगत होती की मला येतं, मला येतं, मला विचारा. आणि ती कोणत्या हातानं लिहिते हे दीड महिन्यात मी पाहिलं नव्हतं.

“अरे, ही तर डावखुरी आहे,” साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळून आवाज खाली घेतला. “मॅडम, एक सांगू? रागावू नका. तो हातांचा खेळ मीही खेळलोय. मघाशी मला वाटलं, पकडलं तुम्हाला. मुद्दाम डावा हात उठवला. संशय घेतला मी, चूक झाली.”

मी मान डोलावली.

मग त्यांचं लक्ष फ्रॉककडे गेलं. “ओला का गं हा?”

“काल धुतला. वाळला नाही,” मोनाली म्हणाली.

“एवढ्या थंडीत? कशाला?”

“मॅडम घरी आल्या होत्या. म्हणे साहेब येनार, सगळं स्वच्छ पायजे.”

आता ती पुढचं बोलणार. येऊ नको म्हणाल्या होत्या, असं बोलणार. ती बोलली नाही. तिला ते बोलण्यासारखं वाटलंच नाही. फ्रॉक मळका होता म्हणून यायचं नव्हतं. फ्रॉक धुतला, म्हणून ती आली होती. तिच्या हिशेबी कुठेच काही अडत नव्हतं.

“तुम्ही घरी जाता मुलांच्या?” साहेबांनी मला विचारलं. “गृहभेटी देता?”

आजही मी तो क्षण पुढेमागे करून बघते. तोंड उघडायला पुरेसा वेळ होता. काळमेघ सर दारातून माझ्याकडे बघत होते. बाहेर फटफटी उभी होती. मी “नाही” म्हटलं असतं तर काय झालं असतं?

“हो, सर,” मी म्हणाले.

“आणि ही तर नवीन दिसते. कापसाला आलेल्यांची ना? दीड महिन्यात एवढी तयार केलीत?”

“हो, सर.”

त्यांनी माझ्या टेबलाशी बसून शेरा लिहिला. तो मला अजून पाठ आहे, इंग्रजीची ती वाक्यं जशी पाठ आहेत तसाच. ‘विशेषण व क्रियापद यांतील फरक विद्यार्थ्यांस उत्तम समजला आहे. शिक्षिका गृहभेटीद्वारे स्वच्छतेचे महत्त्व पटवून देतात. दुर्लक्षित घटकांतील विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष. कायम करण्यास शिफारस.’ खाली सही. मी दोन्ही हातांनी कागद घेतला आणि काळमेघ सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही.

ऑर्डर मार्चमध्ये आली. संक्रांत तिळगूळ वाटण्यातच गेली, कारण शिफारस झाल्याचं भाऊला कळलं होतं. ऑर्डरच्या दिवशी तर त्यानं गावभर पेढे वाटले. पुढे मी खोली घेतली, मग घर बांधलं. आता मीच मुख्याध्यापिका आहे. मोनालीचं कुटुंब जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलं. वेचणी संपली होती. दाखला न्यायलाही कोणी आलं नाही. मधल्या त्या तीन आठवड्यांत मी तिला रोज प्रश्न विचारले, आणि रोज तिनं उत्तरं दिली.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या मधल्या सुट्टीचं. साहेब जाऊन दहा मिनिटं झाली असतील. खिचडीची घंटा झाली होती आणि पोरं ताटल्या वाजवत ओट्याकडे पळाली होती. मी वर्गातून बाहेर आले तर मोनाली व्हरांड्याच्या कडेला उन्हात उभी होती. फ्रॉकचा घेर ताणून धरला होता, वाळावा म्हणून. मी माझी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. ती अवघडली, शाल ओली होईल म्हणून अंग चोरून उभी राहिली.

“मॅडम,” ती म्हणाली, “मंग उद्या येऊ ना मी?”

“ये की. रोज यायचं.”

“आज पन धुतो. आज लवकर धुतो, म्हनजे वाळते.”

“नको धुऊ गं,” मी म्हणाले. “फ्रॉकचं काही नव्हतं.”

ती विचारात पडली. आठ वर्षांची पोर, रात्रभर तिच्या आईनं चुलीपुढे फ्रॉक धरला असेल, आणि आता बाई म्हणते फ्रॉकचं काही नव्हतं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. उत्तर येत नसलं की पोरं बाईकडे बघतात, तसं.

“मंग काय होतं, मॅडम?”

ओट्यावरून खिचडीचा वास येत होता. काळमेघ सर लांबून हाक मारत होते, चहा सांगितलाय म्हणून. ती तशीच उभी होती.

“जा,” मी म्हणाले, “खिचडी संपेल.”

ती शाल सांभाळत गेली. मी वर्गात परत आले, डस्टर घेतलं आणि फळा पुसला. तिची दोन्ही वाक्यं गेली.